देवळाली : गाव एकीकडे, स्टेशन दुसरीकडे

नाशिकच्या बाहेरच्या पाहुण्याला देवळाली समजावून सांगणे हे एक कामच आहे. मुळात देवळाल्या दोन. एक देवळाली गाव. ते नाशिकरोड स्टेशनला अगदी खेटून आहे. दुसरी देवळाली कॅम्प, म्हणजे लष्कराची छावणी. ती तिथून पाच-सहा किलोमीटर लांब. आता गंमत अशी की देवळाली गावाजवळ जे स्टेशन आहे त्याचे नाव नाशिकरोड, आणि देवळाली नावाचे जे स्टेशन आहे ते गावाजवळ नसून कॅम्पाजवळ. बरे, नाशिकरोड म्हणजे तरी नाशिक नव्हेच! पंचवटी, रामकुंड, मेनरोड हे खरे नाशिक तिथून आठ-दहा किलोमीटरवर. त्यामुळे नाशिकचे स्टेशन नाशिकात नाही आणि देवळालीचे देवळालीत नाही, असा सगळा मामला.

ह्या लेखात मोठे स्टेशन बाजूला ठेवून धाकट्या स्टेशनाविषयी लिहायचे आहे. नाशिकरोडबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. नोटांचा छापखाना, तुरुंग, जुनी घोड्यांची ट्राम वगैरे. देवळाली मात्र मुंबईकडे जाताना पाच-सात मिनिटांत मागे पडते. खिडकीतून झाडे दिसतात, एखादी लष्करी पाटी दिसते, की आले लहवित. पण एवढ्याशा स्टेशनाचे नाव इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसले आहे, आणि तेही वेडेपणाच्या अर्थाने. ते कसे गेले, आणि त्या गोष्टीत आपण कुठे होतो, हे बघण्यासारखे आहे.

आधी रेल्वेचे पाहू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, हे आपण शाळेत घोकलेले असते. पुढे कसाऱ्यापर्यंत रूळ आले आणि समोर सह्याद्री उभा राहिला. थळघाट, म्हणजे आपला कसारा घाट, चढायचा तर सदतीस फुटांना एक फूट असा चढ. हा घाटमार्ग १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. आजही घाटात गाडीला मागून जोर द्यायला जादा इंजिने लावतात. हा घाट पार करून इगतपुरीला आलात, की हवा एकदम बदलते. मुंबईचा घामट दमटपणा खाली राहतो. इगतपुरीपासून आणखी पंचेचाळीसेक किलोमीटर पुढे आले की देवळाली. पाऊस इगतपुरीपेक्षा कितीतरी कमी, जमीन मोकळी, जवळ दारणा नदी, हवा कोरडी.

इंग्रजांनी नेमके हेच हेरले. मुंबई बंदरात गोऱ्या पलटणी उतरायच्या, त्यांना लगेच उन्हातान्हात देशभर पाठवण्याऐवजी आधी कुठेतरी थोडे मुरवायला हवे. तसेच नोकरीची मुदत संपवून मायदेशी निघालेल्यांना बोट मिळेपर्यंत कुठेतरी ठेवायला हवे. मुंबईत ठेवायचे तर जागा नाही आणि रोगराईची भीती. तेव्हा घाटावर, पण रेल्वेच्या वाटेवर, अशी जागा हवी होती. देवळालीची छावणी १८६१ मध्ये सुरू झाली असे मानतात. बोटीतून उतरणाऱ्यांची आणि बोटीत चढणाऱ्यांची ही धर्मशाळाच म्हणा ना!

पण धर्मशाळेत एक अडचण होती. गोरे सैनिक ने-आण करणाऱ्या बोटी वर्षभर चालत नसत. साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढाच त्यांचा हंगाम. ज्या शिपायाची मुदत नेमकी मार्चनंतर संपली, तो पडला अडकून. पुढचा नोव्हेंबर येईपर्यंत देवळालीत बसायचे. हातात बंदूक नाही, नेमून दिलेले काम नाही, कवायत नावापुरती. एप्रिल-मेचे ऊन, त्यानंतर पावसाळ्याची गळती, हिवताप, दारू आणि दारूमागून येणाऱ्या सगळ्या भानगडी. घर समोर दिसते आहे आणि जाता येत नाही, अशी माणसाची अवस्था झाली की तो विचित्र वागू लागतो. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा गोरा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्याने १९३६ मध्ये आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. सैनिकांमधली ही म्हण त्या छावणीतल्या कंटाळ्यातूनच निघाली असावी, असे तोही म्हणतो.

म्हण कोणती? एखादा भ्रमिष्टासारखे करू लागला की शिपाई म्हणायचे, ह्याला 'डूलॅली टॅप' झाला. डूलॅली म्हणजे देवळाली. गोऱ्या जिभेला 'ळ' जमेना. आणि टॅप? हा टॅप म्हणजे नळ नव्हे. तो आपला ताप! अंगात असतो तो, थर्मामीटरने मोजतात तो. देवळालीचा ताप. पुढे इंग्लंडात गेल्यावर ताप उतरला आणि नुसती डूलॅली शिल्लक राहिली. आजही तिकडे एखाद्याचे डोके फिरले असे म्हणायचे असेल तर हा शब्द वापरतात. बोलणाऱ्याला देवळाली नकाशात दाखव म्हटले तर बहुधा दाखवता येणार नाही.

आपल्याकडेही हे आहेच. 'ह्याला आता ठाण्याला पाठवायला हवे' असे आपण सहज म्हणतो, कुणी येरवड्याचे नाव घेते. पण तिथे निदान खरोखरची मनोरुग्णालये आहेत. देवळालीला वेड्यांचे मोठे इस्पितळ होते म्हणून हा शब्द आला, असे काही ठिकाणी छापलेले आढळते. ते मला पटत नाही. शब्दात 'ताप' आहे, इस्पितळ नाही. आणि ताप आला होता तो वाट पाहण्याचा.

मी नाशिकरोडला शाळेत इतिहास आणि मराठी शिकवीत असे. एकदा नववीतल्या एका मुलाने इंग्रजी शब्दकोश उघडाच माझ्यासमोर आणून ठेवला आणि विचारले, "बाई, हे आपलंच देवळाली का हो?" मी हो म्हटले. तो कॅम्पातूनच शाळेला येत असे. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसला, आपले गाव पुस्तकात आले म्हणून. मग त्याने अर्थ पुन्हा वाचला आणि चेहरा उतरला. "म्हणजे आपल्या गावाला वेडं म्हटलंय?" मी त्याला सांगितले, अरे, वेडे गाव नव्हते. गावात येऊन पडलेले लोक कंटाळले होते आणि नाव मात्र गावाचे लागले. त्यावर त्याने विचारले, "मग आपली माणसं तेव्हा काय करत होती?"

ह्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. इंग्रजी पुस्तकांतही फारसे नाही. शिपायांच्या आठवणींत आपली माणसे येतात ती कपडे धुणारा, दाढी करणारा, चहा आणणारा, पंखा ओढणारा म्हणून. त्यांना नावे नसतात. असली तरी वाकडी केलेली. बीबीसीवर १९७४ ते १९८१ ह्या काळात सैनिकांच्या नाटकमंडळीवर एक विनोदी मालिका चालली. तिची सुरुवात देवळालीच्या छावणीतच होते. तिचा एक लेखक जिमी पेरी हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतः देवळालीत तोफखान्यात होता आणि तिथल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत भाग घेत असे. म्हणजे माहिती प्रत्यक्षातली. पण मालिकेतले मुख्य हिंदी पात्र मात्र तोंडाला रंग फासलेल्या एका गोऱ्या नटाने केले. पुढे त्यावर टीका झाली, ती योग्यच होती. आपल्या गावावर नाटक निघाले, त्यात आपली भूमिकासुद्धा दुसऱ्याने करावी ना!

मग ती माणसे कोण होती? छावणी म्हटले की तिच्यामागे बाजार आलाच. हजारो शिपायांना दूध, भाजी, कोंबड्या, अंडी, जळण, गवत लागणार. ते आसपासच्या खेड्यांतून येणार. बुटांना चांभार, कपड्यांना शिंपी आणि धोबी, स्टेशनावर हमाल आणि टांगेवाले. मग पारशी, बोहरी, मारवाडी, गुजराती दुकानदार आले. मराठी, हिंदी, गुजराती आणि मोडके इंग्रजी अशी बाजाराची मिश्र भाषा झाली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे निर्वासित होऊन आली. तीही सुरुवातीला बराकींतच राहिली. ज्या लांबलचक व्हरांड्यांत गोरा शिपाई घरी जायच्या बोटीची वाट पाहत बसला, तिथेच घर कायमचे सुटलेली माणसे संसार मांडून बसली. त्यांनी मात्र डोक्यात ताप जाऊ दिला नाही, दुकाने टाकली.

छावणीपासून दोन-तीन किलोमीटरवर भगूर आहे. २८ मे १८८३ ला विनायक दामोदर सावरकरांचा जन्म तिथे झाला. आज त्यांचे घर बघायला येणारे लोक रेल्वेने आले तर देवळालीलाच उतरतात. मला नेहमी वाटते, भगूरच्या मुलांना लहानपणापासून गोरी पलटण रोज दिसत असणार. पुण्या-मुंबईच्या मुलाला इंग्रज सरकार म्हणजे कचेरी आणि कलेक्टर. भगूरच्या मुलाला ते धूळ उडवीत जाणाऱ्या पलटणीच्या रूपात दिसणार. त्याचा त्यांच्या मनावर किती परिणाम झाला हे मोजायचे साधन माझ्याकडे नाही. पण २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा एवढी मोठी छावणी त्या थिएटरापासून काही कोसांवरच होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बंदुकांच्या सावलीतच हे सारे घडले.

शिपायांच्या जोडीने देवळालीला दुसरे पाहुणे आले ते आजारी माणसे. क्षयावर औषध नव्हते त्या काळात कोरडी हवा हेच औषध. मुंबईच्या पारशी आणि गुजराती कुटुंबांनी इथे आरोग्यधाम बांधली, बंगले बांधले. अजूनही लॅम रोडवरून जाताना जुन्या बंगल्यांची कौले आणि मोठाली झाडे दिसतात. हवेचा हाच लौकिक ऐकून मुंबईच्या भायखळ्याची एक जुनी शाळा १९२५ मध्ये इथे आली. तीच आजची बार्न्स स्कूल. सुट्टी संपली की ट्रंका आणि वळकट्या घेऊन पोरे गाडीतून उतरायची. काही रडत, काही हसत. देवळालीचा फलाट म्हणजे एकाच वेळी छावणीचे, दवाखान्याचे आणि शाळेचे दार.

स्वातंत्र्यानंतर छावणी ओस पडेल असे कुणाला वाटले असेल तर तसे झाले नाही. आता पाकिस्तानात असलेल्या काकूल इथे सुरू झालेली तोफखान्याची शाळा देवळालीला आलेली होती. ती भारतीय तोफखान्याची मुख्य शाळा झाली. कारगिलच्या लढाईत तोफांनी काय काम केले ते १९९९ मध्ये सगळ्यांनी पाहिले. ते अधिकारी इथल्याच माळावर शिकलेले. ९ नोव्हेंबर २०१८ ला के-९ वज्र आणि एम-७७७ ह्या नव्या तोफा सैन्यात दाखल झाल्या, तो समारंभही देवळालीचाच. आसपासच्या गावांना हे कॅलेंडर बघून कळावे लागत नाही. सराव सुरू झाला की भांडी वाजतात. पाहुणा दचकतो आणि घरातली म्हातारी म्हणते, "काही नाही, फायरिंग चाललंय."

आता इथल्या रोजच्या प्रवाशाबद्दल. १९७५ मध्ये पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि नाशिककरांना सकाळी निघून मुंबईत नोकरी करून रात्री घरी यायची सोय झाली. पासधारकांची एक जमातच तयार झाली. पहाटे उठणे, डबा, पळापळ, डब्यातले वाढदिवस आणि भजने, हळदीकुंकूसुद्धा! ह्या गाडीतल्या पासधारकांनी शिस्तीचा 'आदर्श डबा' चालवून नाव कमावले. देवळाली-भुसावळ शटल ही त्याहून गरीब माणसांची गाडी. लासलगाव, मनमाड, चाळीसगाव, जळगाव करीत जाणारी. तिच्यात भाजीच्या पाट्या, शाळा-कॉलेजची पोरे, तारखेला कोर्टात निघालेली माणसे. देवळाली हे तिचे सुटायचे स्टेशन, म्हणून इथे चढले की बसायला जागा हमखास. ज्याने मनमाडला त्या गाडीत चढायचा प्रयत्न केला आहे त्यालाच ह्या वाक्याची किंमत कळेल.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. दीडशेहून अधिक वर्षांत प्रथमच इथे माणूस गाडीची वाट बघत उभा नव्हता. आणि त्याच वर्षी ७ ऑगस्टला देशातली पहिली किसान रेल सुटली ती मुंबईहून नाही, दिल्लीहून नाही, आमच्या देवळालीहून! बिहारमधल्या दानापूरला, १५१९ किलोमीटर, जवळजवळ बत्तीस तासांचा प्रवास. बाजार बंद, ट्रक मिळेनात, माल शेतात सडतोय, अशा दिवसांत नाशिकच्या शेतकऱ्याची भाजी-फळे ह्या फलाटावरून उत्तरेकडे निघाली.

त्या बातमीने मला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्या नववीतल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी डोळ्यांसमोर दिसले. आपली माणसे काय करत होती? तर छावणीच्या कडेने शेती करत होती. शिपायाला भाजी पुरवत होती, आजाऱ्याला दूध घालत होती, शाळेच्या मेसला अंडी देत होती. इतकी वर्षे स्टेशन दुसऱ्यांसाठी आणि माल पुरवणारे आपण. त्या दिवशी गाडीच मुळी शेतकऱ्याच्या नावाने सुटली. ती योजना पुढे किती टिकली, अनुदानाचे काय झाले हा वेगळा विषय. पण ह्या स्टेशनाच्या इतिहासात त्या तारखेला जागा द्यायला हवी. तोफांच्या आणि पलटणींच्या तारखा लिहिणारे पुष्कळ आहेत.

अलीकडे स्टेशनाला नवे रूप आले आहे. अमृत भारत योजनेत ज्या १०३ स्थानकांचे उद्घाटन २२ मे २०२५ ला एकाच वेळी झाले त्यांत देवळाली होते. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकरोडवरचा भार हलका करायचा तर देवळाली, ओढा अशा धाकट्या स्टेशनांचाच आधार घ्यावा लागणार. म्हणजे पुन्हा एकदा हजारो परकी माणसे ह्या फलाटावर उतरणार आणि पुन्हा त्यांना पाणी, जेवण, वाट दाखवणारे लोक इथलेच असणार.

दुसरा बदल त्याहून मोठा आहे. देशभरातल्या छावण्यांमधल्या नागरी वस्त्या लष्करापासून वेगळ्या करायचे धोरण सरकारने घेतले, आणि एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलातल्या योलपासून त्याची सुरुवात झाली. तेव्हापासून देवळालीतही चर्चा आहे. नाशिक महापालिकेत जायचे, की शेजारच्या भगूरला बरोबर घेऊन वेगळी नगरपालिका करायची? नाशिकरोड आणि देवळाली गाव १९८२ मध्ये महापालिकेत गेले. त्यांचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. पाणी, रस्ते आले आणि वाडे, मळे गेले. छावणीचे नियम जाचक आहेत, घराचे छप्पर बदलायलाही परवानग्या लागतात, तिथल्या लोकांचा त्रास खरा आहे. लांब राहून "झाडे राहू द्या, बंगले राहू द्या" म्हणणे सोपे असते. तिथे राहणाऱ्याला खोली वाढवायची असते, मुलाचे लग्न करायचे असते. म्हणून मी त्यांना काही उपदेश करणार नाही.

एवढेच वाटते, की जे काही व्हायचे ते होण्याआधी कुणीतरी बसून लिहून ठेवावे. कॅम्पातल्या जुन्या दुकानदारांची, टांगेवाल्यांची, सिंधी आजी-आजोबांची, भाजीच्या पाट्या घेऊन शटलने जाणाऱ्या बायकांची हकीगत. वय झालेली माणसे फार दिवस थांबत नाहीत. परक्यांनी ह्या गावाबद्दल एक शब्द लिहून ठेवला, तो शंभर वर्षे टिकला. आपण दहा पाने लिहिली तर तीही टिकतील.

आमच्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या ज्यांनी देवळालीत दिवस काढले आहेत, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. आठवेल ते लिहून पाठवा. शुद्धलेखनाची चिंता करू नका. ते मी तपासून घेईन, सवय आहे!